पडद्याआडची तपासणी

धाकट्या भावजयीच्या छातीतला आवाज मी स्वतः तपासला, असं सांगलीतल्या एका दवाखान्याच्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. ते खोटं आहे. हे आजवर मी कुणाजवळ बोललो नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तिथं हृदयाचे आलेख काढायचो. आमचे डॉक्टर परदेशातून शिकून येताना एक यंत्र घेऊन आले. रेडिओएवढा डबा आणि वायरीच्या टोकाला जाड पेन्सिलीएवढी दांडी. दांडीतून कानाला न ऐकू येणारा आवाज छातीत जायचा, पळत्या रक्तावर आपटून परत यायचा, आणि येताना त्याची पट्टी बदललेली असायची. त्यावरून रक्त किती वेगानं पळतंय ते समजायचं. चित्र नाही, डब्यातून नुसता आवाज.

मला त्याचं वेडच लागलं. दुपारी दवाखाना रिकामा झाला की मी स्वतःच्याच छातीवर दांडी धरून बसायचो. उसाला पाणी पाजताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार बारीक होते आणि चिरकत लांब उडते. अरुंद झालेल्या झडपेतून रक्त तसंच ओरडत जातं, हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

"एकच ध्यानात ठेव," डॉक्टर म्हणाले होते, "दांडी धारेच्या रोखानं धरायची. आडवी धरलीस की जोराची धारसुद्धा मुकी होते."

मी करून पाहिलं. दांडी जरा कलती केली की तेच काळीज गप्प व्हायचं. मोठी गंमत वाटायची.

धाकटा भाऊ फौजेत होता. त्याचं पत्र आलं, बायकोला दम लागतो, तुझ्या मशीनवर बघ. आई तिला वडूजहून घेऊन आली. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, झडपेचा संशय आहे म्हणाले. तेवढ्यात त्यांना तातडीचं बोलावणं आलं. "तू ऐक आणि वहीत लिहून ठेव," असं सांगून ते गेले.

आमच्या घरात धाकटी सून थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, थेट बोलतही नाही. मी पडदा ओढला, दांडी आईच्या हातात दिली आणि डब्याजवळ बाहेर बसलो.

"आवं आत्याबाई, लय गार लागतंय," भावजय आतून सासूला म्हणाली.

"गप पड. मशीन हाय ती, चूल न्हवं." डबा घुमायला लागला तशी आई म्हणाली, "आगं बया, इंजान चालल्यागत वाजतंय की! बरं हाय न्हवं रं?"

"आई, अजून खाली घे."

"खाली म्हंजी कुठं? नीट सांग की!"

डाव्या स्तनाखाली, टोक वर करून. परक्या बायकांच्या वेळी नर्सला मी हे रोज सांगायचो. त्या दिवशी जीभ उचलेना. नर्सला हाक मारता आली असती, पण भावजयीला लाजतो म्हणून दवाखानाभर हसं झालं असतं.

"राहू दे तिथंच," मी म्हणालो.

आवाज मऊ, दबका आला. तो का दबका आहे हे मला कळत होतं. तरी लिहिलं : आवाज साधा, स्वतः तपासले.

डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. अंगात रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात तिच्या फुप्फुसात पाणी भरलं. या वेळी डॉक्टरांनी स्वतः दांडी धरली आणि डबा अक्षरशः किंचाळला. लाज वाटते सांगायला, पण तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की किती स्वच्छ ऐकू येतंय.

मूल वाचलं नाही. झडप उघडायचं ऑपरेशन झालं आणि ती वाचली.

रजेवर आलेला भाऊ डॉक्टरांच्या दारात उभा राहिला. "एवढं मशीन घिऊन बसलाय, आन् साधी झडप कळंना व्हय तुमाला?"

डॉक्टरांनी वही उघडली, वाचली, माझ्याकडे पाहिलं. मग वही मिटून म्हणाले, "माझंच चुकलं. मी स्वतः ऐकायला हवं होतं."

मी दांडी पुसत होतो. पुसतच राहिलो.

डॉक्टर आता थकलेत, घरीच असतात. त्यांचा विषय निघाला की भाऊ अजून शिव्या देतो, आणि मी समोर बसून ऐकतो. भाऊ-भावजयीला खरं सांगणं आणि मग डॉक्टरांच्या घरी जाऊन दोष माझा होता म्हणणं, एवढं मी अजून त्या तिघांचं देणं लागतो.