पाहुण्यांची खुर्ची

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भुईगावात चर्चच्या सणाला बायकांची संगीतखुर्ची चालली होती. शेवटच्या फेरीत एक कॉलेजातली मुलगी उरली आणि लाल लुगड्यातल्या, पन्नाशीच्या एक अनोळखी बाई. कडेला गर्दीत उभी असलेली त्यांची सून लाजून खाली बघत होती.

“मावशी, गुडघे सांभाळा,” शिटी वाजवायला उठलेले प्रमुख पाहुणे म्हणाले.

“गुडघे माझे आहेत. तुम्ही शिटी सांभाळा.”

शिटी वाजली, बँड थांबला, खुर्ची मुलीने पटकावली. बाई हसल्या आणि सरळ जाऊन पाहुण्यांच्या मखमली खुर्चीत बसल्या.

“अहो, तुम्ही हरलात,” पाहुणे म्हणाले.

“हरले म्हणून काय उभं राहायचं?”

आता सूनही खळखळून हसली. बसायला जागाच न उरल्याने पाहुण्यांनी भाषण पाच वाक्यांत उरकलं. इतकं चांगलं भाषण मी पुन्हा ऐकलेलं नाही. पहिली टाळी बाईंनीच वाजवली.