जीपचा खटका आणि माझा हात

आमच्या जीपला किल्लीच नव्हती. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीप लिलावात निघाल्या, त्यातली एक यजमानांनी आणली. समोरचं बटण फिरवायचं, पायाने स्टार्टर दाबायचा, की निघाली. पनवेलला आमची भाताची गिरणी होती. जीप आली गिरणीच्या कामाला, पण तिच्यावर जीव जडला तो माझा.

चालवायला शिकवलं त्यांनीच, ते नाकारत नाही. हौस त्यांचीच. बंदराकडचा रस्ता दुपारी मोकळा असे. मी पदर खोचून बसायची आणि ते शेजारून ओरडायचे, "क्लच! अगं, क्लच!" लवकरच ओरडायचं कारण उरलं नाही. खरं सांगते, त्यांच्यापेक्षा माझा हात चांगला बसला. ते गिअर टाकत तेव्हा गाडी घसा खरवडे; माझ्या हाती निमूट चाले. मग कुठे जायचं झालं की मीच गाडी काढू लागले. बाजारातून जाताना लोक दुकानाच्या फळीवरून उठून बघत. एकदा एका व्यापाऱ्याने यजमानांना हाक मारली, "काय शेठ, लगाम वहिनींकडे दिलात वाटतं!" ते हसले. मीही हसले. मला वाटलं, गोष्ट हसण्यावारी गेली.

त्यानंतर जीप ब्रेकचं काम म्हणून गॅरेजात गेली. परत आली ती माझ्या हातून सुरू होईना.

पहिली फजिती भर अंगणात. सासूबाई, नणंद आणि शेजारच्या दोघी देवदर्शनाला नटूनथटून मागे बसलेल्या. मी बटण फिरवलं, स्टार्टर दाबला. ढिम्म. हॉर्नसुद्धा वाजेना. कुणीतरी यजमानांना गिरणीतून बोलावून आणलं. ते आसनावर बसले, पार खाली वाकले, डॅशबोर्डाखाली हात घालून पाया पडल्यासारखा जीपला नमस्कार केला, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू. मागच्या बाया खिदळल्या. सासूबाई म्हणाल्या, "हाताला गुण असावा लागतो गं."

पुढे हेच. माझ्या हातून क्वचित सुरू व्हायची, त्यांच्या नमस्काराने हमखास. मी मॅट्रिक झालेली बाई, पण मीही नमस्कार करू लागले. स्टिअरिंगला, बॉनेटला, चाकांना. दसऱ्याला तिच्यापुढे वेगळा नारळ फोडला. अडचणीच्या दिवसांत तिच्या आसपास फिरकणं सोडलं. आज आठवलं की माझा मलाच संताप येतो. आणि ते ओसरीवर पान लावत हे सगळं बघत बसलेले असायचे. वर म्हणायचे, "अगं, गाडी मालकाला ओळखते."

शेवटी मी चालवणं सोडलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. एवढ्यावर थांबलं असतं तर गिळून टाकलं असतं. पण बोलणं गाडीवरून घरात शिरलं. त्या वर्षी लोणच्याला बुरशी आली. बरणी भरायला आम्ही तिघी होतो, पण सासूबाईंना माझाच हात आठवला. तेव्हापासून मी कैऱ्यांना हात लावायचा नाही, बरणीला शिवायचं नाही, पापडाचं पीठ मळायचं नाही. नणंदेच्या लग्नात हळद लावायला सवाष्णी पुढे झाल्या, तशी मीही झाले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू राहू दे." यजमान दाराशीच उभे होते. त्यांनी पाहिलं, आणि मांडववाल्याशी काहीतरी बोलायचं म्हणून निघून गेले. मी कोठीत भाताच्या पोत्यांमागे जाऊन रडले.

काही वर्षांनी जीप विकायला काढली. उरणकडचा एक मिठागरवाला बघायला आला, सोबत गॅरेजचा मिस्त्री. मी चहा घेऊन दारात आले तर मिस्त्री डॅशबोर्डाखाली हात घालून त्याला दाखवत होता.

"पहिला हा खटका चालू करायचा. बॅटरीची लाईन इथून तोडलीय. हा बंद तर गाडी मुर्दा."

"यो कशाला बसवलाय? चोरासाठी?"

"चोर कुठला! भाभी रोज गाडी काढायच्या, बाजारवाले शेठची मस्करी करायचे. शेठ बोलले, गुपचूप बसव."

मिठागरवाला म्हणाला, "मंग आमाला यो नको. आमचे घरान कोन बाय गारी चालवीत नाय."

मग दोघांना मी दिसले. मी कप खाली ठेवले, जीपपाशी गेले आणि यजमान वाकायचे तशी वाकून हात आत घातला. बोटांना एक लोखंडी दांडी लागली. इतकी वर्षं मी नारळ फोडत होते, तो देव हा.

माणसं गेल्यावर मी यजमानांना विचारलं, "गाडीचं राहू दे. हळदीच्या वेळी का बोलला नाहीत?"

"गंमत होती गं. एवढी वाढेल असं वाटलं नव्हतं. मग सांगायची लाज वाटली."

त्यांची लाज राहिली आणि माझा हात बदनाम झाला. मी म्हटलं, "आता सांगा. आईंना, माझ्यासमोर."

सांगितलं त्यांनी, खोटं कशाला बोलू? जेवताना, ताटात बघत, सगळं सांगितलं. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा मायेने भरून आला.

"बायकोचं झाकायला खटक्याची गोष्ट रचलीस होय रे?" त्या म्हणाल्या. "गुणाचं गं माझं लेकरू!"

मी वाट पाहिली. आता हे म्हणतील, नाही आई, खरंच सांगतोय. म्हणतील, मिस्त्रीला बोलावतो, त्यालाच विचार. त्यांनी भात कालवला. एक घास खाल्ला. मग सुटल्यासारखे माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगितलं ना मी? झालं समाधान? चल, आज लोणचं तू वाढ."

सासूबाईंचा हात झटकन बरणीच्या झाकणावर गेला. यजमानांनी तो पाहिला. मीही पाहिला.

"नको," मी म्हटलं. "नासेल."

मग सासूबाईंनीच वाढलं, आणि यजमानांनी ते खाल्लं.