मिस्त्रींचा नियम आणि खालचे चार दात

पाणी तापवायच्या टाक्या दुरुस्त करणारे मिस्त्री कुणाच्या घरी निघाले की आधी त्यांचा आवाज पोचायचा, मग माणूस. जिन्यातच त्यांचं बोलणं सुरू व्हायचं, आणि टाकीचं झाकण उघडून पुन्हा बसेपर्यंत घरमालकिणीला टाकीची, मिस्त्रींच्या सासुरवाडीची आणि शेजारच्या इमारतीतल्या गळक्या नळांची साद्यंत हकिकत कळलेली असायची. काही गिऱ्हाइकं टाकी बिघडायची वाट बघतात, असं त्यांचा मेव्हणा म्हणायचा. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ आणि धंद्यातला भागीदार. मिस्त्री बोलायचे, आणि तो पाने-पक्कडी हातात द्यायचा. मधे मधे टोमणेही द्यायचा.

मिस्त्रींचा एक नियम होता: जुन्या टाकीतला क्षार खरवडायचा नाही.

नियम उगाच झालेला नव्हता. धंद्यात नवे असताना त्यांनी एकाची जुनाट टाकी अगदी मनापासून साफ केली. आतला पांढरा दगडी थर खरवडून खरवडून काढला, स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि घरी येऊन निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी ती टाकी चाळणीसारखी गळत होती आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा पलंगावर छत्री धरून बसले होते. मिस्त्रींनी कानाला खडा लावला. जुन्या टाकीचा पत्रा कुजलेलाच असतो, तिला धरून ठेवतो तो क्षार. तो काढला की टाकी गेलीच म्हणून समजा.

माणसाला एक नियम सापडला की तो सगळं जग त्याच मापानं मोजायला लागतो. गाडीच्या दाराखालचा गंज मिस्त्री काढू देत नसत. बहिणीशी झालेलं जुनं भांडण ते कधी उकरून काढत नसत, आणि ते एक बरंच होतं. पण हाच नियम त्यांनी स्वतःच्या तोंडालाही लावला होता.

त्यांच्या खालच्या पुढच्या चार दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला, पिवळट तपकिरी कीटणाची एक भिंत उभी होती. विचार करताना जीभ त्या भिंतीवरून फिरवायची त्यांना सवय होती. टणक, चारही दातांना एका ओळीत बांधून धरल्यासारखी भिंत. तिथं ब्रश लागला की रक्त यायचं, म्हणून त्यांनी ब्रश तिकडं न्यायचंच सोडलं होतं.

"अहो, तोंडाला वास येतो तुमच्या," बायको म्हणायची. "डॉक्टरकडे जाऊन दात साफ करून घ्या एकदा."

"पाझरतंय तिथं हात लावायचा नसतो. धंद्याचा नियम आहे."

"मग धंद्याला सांगा शेजारी झोपायला."

मिस्त्री हसण्यावारी न्यायचे. पण एका सकाळी जिभेनं ढकलल्यावर त्या चारांतला एक दात हलला, आणि ते हसण्यावारी नेणं तिथंच संपलं.

कारण त्यांचे वडील. तेही असेच बोलघेवडे. कोपऱ्यावर उभे राहिले तर भोवती घोळका जमायचा. पन्नाशीतच त्यांचे दात गेले आणि कवळी आली. ती नीट कधी बसलीच नाही. बोलताना टकटक वाजायची, आणि एकदा ऐन गप्पांच्या रंगात चारचौघांसमोर निसटून ताटात पडली. सगळे हसले, वडीलही हसले. त्यानंतर मात्र पाहुण्यांत बसले की ते नुसती मान हलवून हो-नाही सांगायचे. बोलका बाप मुका झालेला मिस्त्रींनी पुढे कितीतरी वर्षं बघितला होता. आता स्वतः मिस्त्री पन्नाशीला टेकले होते. हलणाऱ्या दाताबद्दल ते कुणाला काही बोलले नाहीत. फक्त नियम आणखी घट्ट धरला: भिंतीला हात लावायचा नाही.

अशात एक काम आलं. दातांच्या दवाखान्यातली टाकी दाणे भाजल्यासारखा आवाज करत होती. मिस्त्रींनी मेव्हण्याला एकट्याला जायला सुचवून बघितलं. "आणि टाकीशी बोलणार कोण?" असं म्हणून मेव्हण्यानं गाडी सुरू केली.

दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत, हातमोज्यांची खोकी आणि पुसायच्या बादल्या यांच्या गर्दीत, बेसिनच्या वर टाकी टांगलेली होती. मागचा नट काढायला दोन्ही हात लागणार, म्हणून स्टुलावर चढलेल्या मिस्त्रींनी नेहमीसारखा छोटा टॉर्च दातात धरला आणि मान वाकडी केली. नट फिरला, आणि जबड्यातून अशी कळ गेली की टॉर्च खणकन बेसिनमध्ये पडला.

मेव्हण्यानं तो उचलला. "दाजी, टॉर्च गंजला की काय? लाल काय आहे हे?"

"गंज नाही तो," दारातून आवाज आला. डॉक्टरबाई उभ्या होत्या. चष्मा कपाळावर, आणि हात तो चष्मा खिशात शोधतोय. "रक्त आहे. मिस्त्री, खाली उतरा. तोंड बघू."

"काही नाही हो. हे बघा, तुम्ही माझ्या टाकीत लक्ष घालू नका, मी तुमच्या दातांत घालत नाही."

"टाकी माझीच आहे," बाई म्हणाल्या.

मिस्त्री पाना ठेवून खाली उतरले. बाईंचं हे उत्तर मेव्हण्यानं पुढे घरी जाऊन सगळ्यात आधी सांगितलं.

खुर्चीत बसवून बाईंनी त्यांच्या हातात आरसा दिला आणि दुसरा चिमुकला आरसा दातांमागे धरला. इतकी वर्षं जिभेला माहीत असलेली भिंत मिस्त्रींनी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिली. जिभेला ती बरी वाटायची. दिसायला मात्र भयंकर होती, आणि तिच्या कडेनं हिरडी लालभडक सुजलेली.

"दात हलतो का एखादा?"

"एक हलतो," मिस्त्री म्हणाले. मेव्हण्यानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

मग मिस्त्रींनी नियम सांगितला. छत्रीवाल्या आजोबांसकट सगळा. बाईंनी तो मधे न तोडता ऐकून घेतला.

"म्हणजे दात या कीटणानं धरलेत, असं तुमचं म्हणणं."

"धरलेतच. काढलंत की चारही तुमच्या हातात येतील."

"साफ केल्यानं दात ढिले होतात म्हणणारे पुष्कळ भेटतात. टाकीचा दाखला देणारे तुम्हीच पहिले." बाई हसल्या. "दाताला धरतं ते हाड आणि हिरडी. कीटण हिरडीखाली उतरतं, त्याच्या आसऱ्यानं जंतू राहतात, हिरडी सुजते आणि दातापासून सुटते, मग खालचं हाड झिजत जातं. सुरुवातीला तो मऊ थर असतो, ब्रशनं निघतो. आता त्याचा दगड झालाय. तो घरी नाही निघायचा."

"पुस्तकात असेल तसं," मिस्त्री खुर्चीतून उतरत म्हणाले.

"बरं. जबरदस्ती नाही. आधी माझी टाकी करा."

टाकी तशी नवी होती. तिला नियम लागू नव्हता, त्यामुळे मिस्त्रींनी खालचं तोंड उघडलं आणि आतला क्षार काढायला घेतला. बादलीभर पांढरा चुरा आणि खडे निघाले. मग पाणी मारून त्यांनी आत टॉर्च टाकला, या वेळी हातात धरून, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"अरे, इकडे ये. काय दिसतं?"

मेव्हण्यानं डोकं घातलं. "बाजूचा पत्रा नव्यासारखा आहे. तळाला खड्डे पडलेत."

"तळाला कुठं?"

"जिथून तुम्ही आत्ता तो क्षार काढलात तिथं."

मिस्त्रींनी खड्ड्यांवरून बोट फिरवलं. असे खड्डे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, पण जुन्या टाक्यांत. तिथं सगळाच पत्रा गेलेला असायचा, त्यामुळे आधी काय आणि मग काय, हे कधी कळलं नव्हतं. इथं बाकीची टाकी ठणठणीत होती आणि फक्त थराखालचा पत्रा खाल्लेला होता. थराखाली पाणी कोंडून राहतं, तापतं आणि तिथंच पत्र्याला खातं.

"भोक पडतं ते यानंच," मिस्त्री हळू म्हणाले. "आणि मी याला बूच समजत होतो."

"म्हणजे चोरालाच रखवालदार ठेवला होतात," मेव्हणा म्हणाला. मग मिस्त्री काहीच बोलत नाहीत असं पाहून तो घाबरला. "दाजी? पाणी देऊ का?"

खड्डे आरपार गेले नव्हते. टाकी वाचणार होती. मिस्त्रींनी पत्र्याऐवजी स्वतः गंजून टाकीला वाचवणारी आतली झिजलेली सळई बदलली, सगळं जोडलं, हात धुतले आणि बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"एकच विचारतो. पत्र्याला खड्डा पडला की पडला, तो काही भरून येत नाही. हिरडीचं काय?"

"हिरडी जिवंत असते, मिस्त्री. घाण निघाली की सूज उतरते आणि ती पुन्हा दाताला आवळून बसते. गेलेलं हाड बहुतेक परत येत नाही. पण उरलेलं टिकवता येतं."

"आणि तो हलणारा?"

"त्याची हमी देत नाही. बाकीच्या तिघांची मला आशा आहे."

कुणी टाकीची हमी मागितली की मिस्त्री स्वतःही असंच बोलायचे. हमी द्यायला नकार देणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास बसायचा. "उद्या येतो," ते म्हणाले.

बायको सोबत आली. नवरा ऐन वेळी पळून जाईल अशी तिला शंका होती. बाईंनी हिरडी बधिर केली आणि यंत्र सुरू केलं. बारीक टोक, त्याची न दिसणारी थरथर आणि सोबत पाण्याची चिळकांडी. भीती बाजूला राहिली आणि मिस्त्रींना त्या यंत्राचं कुतूहल वाटायला लागलं.

"आं ऊं आं?"

"पाणी कशाला, असं विचारताहेत," बायकोनं अर्थ सांगितला.

"टोक तापू नये म्हणून. आणि सुटलेला कचरा वाहून जावा म्हणून."

"आं आं."

"आता काही नाही, नुसतंच बोलताहेत. बाई, अजून थोडा वेळ चालू ठेवा हो. इतक्या वर्षांच्या संसारात माझं वाक्य पहिल्यांदा पुरं होतंय."

भिंत तुकड्यातुकड्यांनी पडली. चूळ भरताना मिस्त्रींनी ते खडे पाहिले. हुबेहूब टाकीतले, फक्त रंगाचा फरक.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच मिस्त्री पायरीवर बसलेले होते.

"बाई, गळती लागली! दातांमधून जीभ आरपार जातेय. गार पाणी विजेसारखं लागतंय. आणि तो हलणारा जास्तच हलतोय. मी म्हणालो होतो."

बाईंनी तोंड पाहिलं. "भिंत गेली, म्हणून मोकळं लागतंय. सूज उतरायला लागली, म्हणून फटी दिसताहेत. गार काही दिवस झोंबेल. हे सगळं मी काल सांगितलं होतं."

"काल माझ्या तोंडात यंत्र होतं."

"कानात तर नव्हतं ना? मऊ ब्रश, सकाळी आणि झोपताना, हिरडीच्या कडेला हलक्या हातानं. रक्त आलं तरी थांबायचं नाही."

घरी बायकोनं ही आज्ञा अशी अंगावर घेतली की मिस्त्रींची पळता भुई थोडी झाली. ब्रश करताना ती न्हाणीघराच्या दारात उभी. "डावीकडे झालं नाही. आतून. अहो, आतून!" फेस गुलाबी निघाला की मिस्त्रींचा चेहरा उतरायचा. ते टाकीसमोर उभे असले तरी जिभेनं तो दात चाचपत राहायचे, आणि गिऱ्हाइकं मेव्हण्याला बाजूला घेऊन विचारायची, मिस्त्री आज गप्प का?

मग एका सकाळी न्हाणीघरातून आरोळी आली. "अगं ए! लवकर ये!"

बायको कणकेच्या हातानं धावत आली. "काय झालं?"

"काही नाही झालं! बघ! पांढरा फेस!"

तिनं बेसिनमध्ये वाकून पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि कणकेचा हात त्यांच्या गालाला पुसला.

काही आठवड्यांनी, तपासणीच्या ठरलेल्या दिवशी, बाईंनी हिरडीची फट मोजायची बारीक खुणांची सळई कडेनं फिरवली आणि मान डोलावली. तीन दात घट्ट बसले होते. चौथा अजून जरा हलत होता. त्याला त्यांनी मागच्या बाजूनं एका बारीक तारेनं शेजारच्यांशी बांधून टाकलं.

"टिकेल?"

"दर तीन-चार महिन्यांनी साफ करून घेत राहिलात आणि घरी ब्रश नीट चालवलात, तर पुष्कळ टिकेल. नाही आलात, तर भिंत पुन्हा उभी राहील. आणि यापुढे दातात टॉर्च धरायचा नाही. दात म्हणजे काही पक्कड नाही."

पुढची तारीख मिस्त्रींनी स्वतःहून मागून घेतली. मग पुढच्या कामाकडे जाताना गाडीत त्यांचं तोंड जे सुरू झालं ते सिग्नललाही थांबेना. यंत्र कसं थरथरतं, तार कशी चिकटवतात, हाड म्हणजे काय आणि हिरडी म्हणजे काय. आता नव्या टाक्यांतला क्षार दर वर्षी काढायचा, भोकं पडायची वाट बघायची नाही, हेही त्यांनी जाहीर करून टाकलं.

मेव्हण्यानं काच वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

"दाजी," तो शेवटी म्हणाला, "बाईंना आधीच सांगायला हवं होतं मी. चारही काढा म्हणून. माझे कान तरी वाचले असते."

मिस्त्री असे हसले की शेजारच्या गाडीतल्या माणसानं वळून पाहिलं.

"वेळ गेली तुझी," ते म्हणाले. "हं, तर हाडाचं सांगत होतो..."