लिफ्टमधल्या बाईचा आवाज

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

जबलपुरातल्या आमच्या सरकारी दफ्तराच्या लिफ्टमध्ये एका बाईचा आवाज होता. 'दूसरी मंज़िल. दरवाज़ा खुल रहा है. कृपया दूर हटें.' माझं टेबल लिफ्टच्या ऐन समोर. दिवसभर तेच. एकदा घरी बायको पोळी वाढायला वाकली, तर माझ्या तोंडून निघालं — 'कृपया दूर हटें.' पोळी मग माझी मलाच घ्यावी लागली.

तो आवाज कोणासाठी होता, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावर खेडकरजी फोन सांभाळायचे — दीक्षितपुऱ्याचे, जन्मापासून दिसत नाही. बसनं एकटे यायचे, लिफ्टनं एकटे वर जायचे. तरी — सगळे जेवायला गेलेले पाहून — मी स्टुलावर चढलो आणि नेलकटरनं स्पीकरची तार तोडली.

हो, मीच.

दुसऱ्याच दिवशी लिफ्ट मधेच दुसऱ्या मजल्यावर थांबली. खेडकरजींना वाटलं, आपला मजला आला. त्यांच्या खोलीच्या बरोबर खाली आमच्या साहेबांची, म्हणजे मॅडमची केबिन. ते आत शिरले, टेबलावर डबा ठेवला आणि समोर आपल्या खोलीतला वानखेडेच बसलाय असं समजून म्हणाले, "काहून रे, मॅडम अजून आल्या नाहीत वाटतं? तेवढीच शांतता."

मॅडम म्हणाल्या, "आ गई हूँ, खेडकर जी."

सगळं दफ्तर हसलं. मी — सगळ्यात जोरात. खेडकरजी नाही हसले.

लिफ्टवाल्यांना फोन करायचं काम मॅडमनी माझ्यावरच सोपवलं. केला का मी? नाही. उंदरांनी तार कुरतडली, मेकॅनिक येऊन राहिला, असंच सांगत राहिलो. ती शांतता — काय सांगू — फार गोड होती. पण खेडकरजी पुन्हा भलतीकडे शिरले आणि चौकशी लागली तर? म्हणून रोज सकाळी त्यांचा हात धरून वर सोडायला लागलो. ते फाटकाशी माझी वाट पाहत उभे असायचे. मला उशीर झाला, की त्यांनाही उशीर.

लोकांना मी देवमाणूस वाटलो. दफ्तरानं सत्कार ठेवला — शाल, श्रीफळ, सेवाभावावर मॅडमचं भाषण. मग खेडकरजींना दोन शब्द बोलायला सांगितलं.

"पहले मैं अकेला आता था," ते म्हणाले. "अब ये भाऊ लेकर आते हैं."

टाळ्या वाजल्या. मी शाल नीट केली, हात जोडले.

ते रिटायर झाले, तोवर ती तार मी जोडू दिली नाही.