खाऱ्या तळ्यातल्या जिवाचं बारसं

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. माझे सर संशोधनासाठी परदेशी गेले होते. त्यांनी एका ओळखीच्या माणसाच्या हाती मला बाटलीभर गाळ पाठवला, दक्षिण ध्रुवाजवळच्या एका खाऱ्या तळ्यातला. त्यात काही जीव सापडतात का, ते मी बघायचं होतं. सुट्टीत कॉलेजातला सूक्ष्मदर्शक मागून आणला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी मांडला. घरात उजेड काय तो तिथंच.

सासूबाई तेव्हा उंब्रजहून आल्या होत्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. बाटली बघून त्या म्हणाल्या, "येवढ्या लांबनं चिखल मागवलास? आपल्या रानात काय कमी हाय व्हय?"

बरेच दिवस नुसते मिठाचे खडेच दिसले. मग एका दुपारी काचेच्या कोपऱ्यात चार फुगीर कप्प्यांचं, गोगलगाईसारखं वळलेलं कवच दिसलं. पुस्तकं चाळली, कशातच तसं चित्र नव्हतं. मी हरखले, आणि लगेच धास्तावलेही. घर हळदीच्या पेठेत. हंगामात पिवळी धूळ दुधाच्या पातेल्यापर्यंत पोचायची. मी हळदीच्याच कणाला ध्रुवावरचा प्राणी तर समजत नव्हते? हळदीत पिष्ट असतं, म्हणून आयोडीनचा थेंब टाकला. आजूबाजूचे पिवळे कण काळेनिळे झाले, कवच तसंच राहिलं. शोधल्यावर तसली आणखी काही कवचं सापडली. त्यातल्या एकावर ॲसिड सोडलं, तर ते फसफसून विरघळून गेलं. म्हणजे चुन्याचं, खरंखुरं कवच. उरलेली जपून सरांकडं पाठवली.

तोवर सूनबाईला नवं जनावर सापडल्याचं आत्याबाईंनी गल्लीभर केलं होतं. बायका बघायला आल्या. एकीनं ते कुठं बांधलंय म्हणून विचारलं. दुसरीनं नळीला डोळा लावून त्याला लय पाय असल्याचं सांगितलं. तिला स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या.

काही महिन्यांनी सरांचा निरोप आला. हा जीव आजवर कुणी नोंदवलेला नव्हता, आणि त्याला त्यांनी त्या तळ्यावरून लांबलचक लॅटिन नाव दिलं होतं. आत्याबाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं.

"नाव आत्यानं ठिवायचं असतं," त्या म्हणाल्या. "मिठाच्या पाण्यात ऱ्हाती, तवा मिठी."

पुढं उंब्रजला गेलं की त्या आधी नातवंडांची चौकशी करायच्या, मग मिठी बरी हाय का, ते विचारायच्या. ती गाळातच कधीची मरून गेली होती. मी आपली बरी आहे म्हणायची.