सोमाजीचा स्पंज

पावसाळा संपता संपता आमची लष्कराची इंजिनियर कंपनी गडचिरोलीच्या पुढच्या जंगलात रस्ता काढायला आली. पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा तो सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा. मी नर्सिंग ऑर्डर्ली होतो. दहा खाटांचा एक तंबू, त्यालाच हॉस्पिटल म्हणायचं. मेडिकल ऑफिसर कॅप्टनसाहेब बर्माची लढाई पाहून आलेले, कमी बोलणारे. त्यांच्या हाताखाली लेफ्टनंट सिस्टर मरियम, केरळच्या. अशा कॅम्पवर बाईमाणूस सहसा पाठवत नसत. तापाचे रुग्ण वाढले म्हणून त्या काही महिन्यांसाठी आल्या होत्या.

दिवस ठरलेला असे. सहाला टेंपरेचर, सातला स्पंज, म्हणजे ओल्या फडक्यानं सगळं अंग पुसणं, आठला राउंड. भांडण व्हायचं ते सातला. सुरुंग लावणारे जवान, पण तापात अंगाला पाणी म्हटलं की कांबळं गळ्यापर्यंत ओढायचे. मी सरळ ऑर्डर द्यायचो. सिस्टरांची रीत वेगळी होती. त्या आधी खाटेवर बसून विचारायच्या, "डर किस बात का है?" मग कोमट पाण्यात त्याचाच हात बुडवायच्या. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय उघडा, बाकी सगळं झाकलेलं. कमरेखालचं तो कांबळ्याआड स्वतः पुसणार. पण पुसून झालं की कांबळं जरा बाजूला करून त्या कातडी बघायच्याच.

आमचा एक पंजाबी ड्रायव्हर ओरडला होता, "सिस्टर, मेरी शादी है क्या आज?"

"हल्दी बाद में," सिस्टर म्हणाल्या. "पहले कान के पीछे."

मला एवढं सगळं फालतू वाटायचं. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास.

लान्स नाईक सोमाजी ताप घेऊन आला त्याच दिवशी सिस्टर एका गंभीर जखमीला घेऊन नागपूरला गेल्या. तंबू माझ्या हवाली. सोमाजी ब्रह्मपुरीकडचा, माझ्या गावापासून दोन कोसांवरचा. कंपनीत आम्ही दोघंच त्या भागातले, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. त्याला डोकं फुटेल असा ताप होता. कॅप्टनसाहेबांनी मलेरिया धरून औषध सुरू केलं.

सकाळी मी बादली घेऊन गेलो. त्यानं माझं मनगट धरलं.

"मले पानी नोको लावू, गणपत."

"ऑर्डर आहे भाऊ."

"माह्या लहान्या भावाले कंपाउंडरनं तापात न्हाऊ घातलं. सांजेले गेला तो. माय अजून त्या कंपाउंडरले शिव्या देते. तुले का सांगू, तू त आपल्याच इकडचा."

मी त्याच्याच इकडचा होतो. तापात अंगाला पाणी लावायचं नाही, हे माझ्याही घरात पाळत. ट्रेनिंगमध्ये दुसरं शिकलो होतो, पण ते डोक्यात होतं. आईचं बोलणं हाडात होतं. मी त्याचं तोंड पुसलं, हात पुसले, पाय पुसले. पायजम्याच्या नाडीला हात लावला नाही.

"साहेबाले सांगजो, आंघोळ केली म्हून," तो म्हणाला.

"सांगतो."

राउंडला कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "स्पंज?"

"डन, सर."

रोज असंच चाललं. ताप उतरेना. रक्ताच्या स्लाइडमध्ये मलेरिया दिसेना. एका सकाळी साहेब खाटेपाशी बराच वेळ उभे राहिले. मग मला बाहेर घेऊन गेले.

"बर्मा में ऐसा बुखार देखा है. झाडी का कीड़ा काटता है. जहाँ काटे वहाँ काला दाग, बीड़ी के चटके जैसा. दर्द नहीं होता, मरीज को पता भी नहीं चलता. तुम रोज नहलाते हो. पूरे बदन पर कहीं दिखा?"

तेव्हा बोलायला हवं होतं. फार तर साहेबांनी झापलं असतं, कदाचित दंडावरची फीत गेली असती.

"नो, सर."

"पक्का?"

"पक्का, सर."

साहेबांनी त्या किड्याच्या तापाचा, टायफसचा, विचार सोडला. मी मात्र तडक तंबूत शिरलो. म्हटलं, आता स्वतः बघतो. सोमाजीनं दोन्ही हातांनी कंबर धरून ठेवली.

"तू त कबूल केलं होतं. आता काऊन बदलून राह्यला?"

"बघू दे भाऊ, नुसतं बघतो. पाणी नाही लावत."

"आज बघशीन, उद्या न्हाऊ घालशीन. जाय तिकडं."

त्याच्या अंगात बळ उरलं नव्हतं. मी दोन बोटांनी ते हात बाजूला केले असते. केले नाहीत. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो बरळायला लागला, आणि मला त्या कमरेकडे बघायचीच भीती वाटायला लागली.

त्या दुपारी सिस्टर परतल्या. धुळीचे कपडेसुद्धा न बदलता त्या सोमाजीजवळ बसल्या. तो मधूनच शुद्धीवर यायचा. त्यांनी विचारलं, त्यानं तुटक हिंदीत भावाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. कोमट पाणी मागवलं, त्याचा हात त्यात धरला.

"ठंडा है?"

"नाई."

"तुम बोलो रुको, मैं रुकूँगी."

एक हात, एक पाय, पाठ. तो रुको म्हणाला नाही. मग त्यांनी कमरेचा करदोटा बोटानं वर उचलला. त्याखाली काळी खपली होती, भोवती लाल कडं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "साहब को बुलाओ," एवढंच म्हणाल्या.

साहेबांनी खपली पाहिली. "कल नहीं था?"

"नहीं था, सर."

अशी खपली एका दिवसात धरत नाही, हे तिथल्या आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. साहेब चांद्याहून त्या तापावरचं औषध मागवायला वायरलेसच्या तंबूकडे धावले.

"क्लोरोमायसेटिन. टॉप प्रायॉरिटी. ओव्हर."

"चांदा में स्टॉक नहीं. नागपुर से मँगवाते हैं. ओव्हर."

"कब पहुँचेगा? ओव्हर."

"कल दोपहर. ओव्हर."

"देर हो जाएगी. गाड़ी अभी निकालो. आउट."

दुसऱ्या दिवशी जीप आली तेव्हा अकरा वाजले होते. सोमाजी नऊला गेला होता. सिस्टर त्याचा हात धरून बसल्या होत्या. कॅप्सूलची डबी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "स्टोअर में रखो. और मरीज आएँगे." चौकशी झाली नाही. साहेबांनी मला पुन्हा कधी नावानं हाक मारली नाही.

त्या भागातला म्हणून सोमाजीची ट्रंक घेऊन मलाच त्याच्या गावी पाठवलं. आई ओसरीवर बसली होती. रडून झालं होतं तिचं. तिनं एकच विचारलं.

"बाबू, तापात न्हाऊ त नाई ना घातलं त्याले?"

नाही म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "शेवटच्या दिवशी माय. सिस्टरनं."

"मंग तेच," ती म्हणाली, आणि शेजारणींनी माना डोलावल्या.

मी पाणी प्यायलो आणि निघालो. त्या गावात पुढे कित्येक वर्षं सरकारी नर्स आली की माणसं आजाऱ्याला आत लपवत. मिलिटरीच्या नर्सनं सोमाजीला न्हाऊ घालून मारलं, असं सांगत. माझ्या भाच्यानंच मला हे सांगितलं. मी तेव्हाही गप्प बसलो.

आज लिहितो. लान्स नाईक सोमाजी, वय चोवीस, सुरुंग लावण्यात कंपनीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो स्पंजनं गेला नाही. तो स्पंज त्याला आठ दिवस आधी मिळायला हवा होता, आणि तो द्यायचं काम माझं होतं. सिस्टर मरियमनी त्याला हात लावला तो फक्त मायेनं. त्याच्या गावातलं कोणी हे वाचत असेल तर त्यांनी हे एवढं मोठ्यानं वाचून दाखवावं.