दहावा आला तो गातच

आमच्याकडे इतके किस्से कसे साठले, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, वाट बघून बघून. ज्यू लोकांची पूर्ण प्रार्थना व्हायची तर दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. नऊच असले तर प्रार्थनेतले महत्त्वाचे भाग गाळावे लागतात. त्यामुळे दहावा येईपर्यंत नऊ जणांनी बसून राहायचं, आणि नुसतं बसवलं की माणूस काय करतो? जो आला नाही त्याच्याबद्दल बोलतो.

आम्ही बेने इस्राएल. मूळचे कोकणातले, घरात मराठीच. मुंबईला, ठाण्याला, अलिबागकडे आमची सिनेगॉगं, म्हणजे प्रार्थनाघरं, आहेत. नव्वदच्या दशकातल्या बंगलोरात आमची होती ती जयनगरमधल्या सॉलोमन काकांच्या घराची वरची खोली. काका रेल्वेतून रिटायर झालेले, एकटे राहणारे, आणि आमच्यात सगळ्यात वडील. टेबलावर पांढरी चादर, भिंतीला लागून खुर्च्या, बाजूच्या खोलीत बायका. आणि पुढे उभा राहून प्रार्थना म्हणणारा हझान कोण, तर मी.

मी काही शिकलेला हझान नव्हे. वडिलांचं ऐकून ऐकून पाठ झालेलं. या गोष्टीच्या नऊ वर्षं आधी काकांनी विचारलं होतं, "कोण म्हणेल?" सगळ्यांनी माना खाली घातल्या, माझी जरा उशिरा गेली, म्हणून मी. पण कारखान्यात सुपरवायझर म्हणून जो मान मला कधी मिळाला नाही, तो त्या टेबलापुढे मिळायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं माझ्या जळफळाटाचं आहे.

*

आधी एक सगळ्यांचा किस्सा सांगतो, म्हणजे मी एकटाच वाईट ठरणार नाही.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत, गाडीत बसायचं नाही असा नियम. आता जे. पी. नगरहून जयनगरला चालत कोण येणार? पण काकांसमोर ऑटोतून उतरायची कुणाची छाती नव्हती. म्हणून मी ऑटो आधीच्या चौकात, बेकरीपाशी सोडायचो आणि पुढे चालत जायचो. घाम यावा म्हणून जरा भरभर.

एका शनिवारी बेकरीपाशी उतरलो तर मागच्या ऑटोतून बँकेतला जेकब उतरला. त्याच्या मागून आणखी दोघे. पाचव्या ऑटोतून माझी बायको एस्तेर आणि मुलगी नओमी उतरल्या. मला वाटत होतं, त्या घरीच आहेत. कुणी कुणाकडे बघितलं नाही. सगळे एका रांगेत निघालो.

काका दारातच उभे होते. म्हणाले, "वा, सगळे एकदमच चालत आलात. आता बेकरीवाल्याला सांगतो, तिथे एक बाक टाक म्हणून."

*

रोनी आला तो शनिवार मला स्वच्छ आठवतो.

आमच्यात माणसं एक-दोन-तीन अशी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, ते म्हणत एकेका माणसाला एकेक शब्द द्यायचा. शेवटचा शब्द कुणाच्या वाट्याला आला की मिन्यान झालं. त्या दिवशी काका शब्द वाटत वाटत नवव्याशी थांबले होते. बाजूच्या खोलीतून एस्तेर म्हणाली, "नऊ पुरुष बसलेत, सहा बायका बसल्यात, आणि म्हणे कुणी आलं नाही."

तेवढ्यात बेल वाजली. दारात सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक पोरगा, चष्मा, खांद्याला बॅग. "मी रोनी. ठाण्याहून आलोय. इलेक्ट्रॉनिक सिटीत जॉब लागला. इथे प्रार्थना असते ना?" काकांनी उत्तर म्हणून दहावा शब्दच म्हटला. सगळ्यांना इतका आनंद झाला की जेकबने त्याला मिठी मारली. मीही मारली. माझा आनंद वीस मिनिटं टिकला.

वीस मिनिटांनी काका म्हणाले, "पाहुणा आहे, एक गीत त्याला म्हणू द्या." आणि तो गायला. काय सांगू? ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये लहानपणापासून शिकलेला, आवाज भरदार आणि एकही सूर इकडचा तिकडे नाही. बाजूच्या खोलीतल्या बायकांची कुजबुज बंद झाली. नऊ वर्षांत माझ्या प्रार्थनेला ती कधी बंद झाली नव्हती.

खाली उतरलो तर तळमजल्याच्या भाडेकरू तुळसाक्का पायरीवर उभ्या. शिवाजी महाराजांच्या वडिलांच्या काळात इकडे आलेल्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी निम्मी कन्नडच.

"काय अण्णा, आज कॅसेट लावलं होतं का वर?"

"नाही हो, एक नवीन मुलगा आलाय."

"सरी सरी. मग दर शनवारी त्यालाच गायला लावा. आज मी खिडकी उघडूनच ठेवली बघा."

म्हणजे इतकी वर्षं ती खिडकी बंद असायची. मला वाटायचं, डासांमुळे.

*

रविवारी मी मुलांचा हिब्रूचा वर्ग घ्यायचो. सात मुलं, एक फळा आणि माझी पट्टी. मुळाक्षरांपासून सुरुवात करायची, दिवाळीच्या सुट्टीत सगळी विसरायची, पुन्हा मुळाक्षरं. अशी पाच वर्षं गेली होती. मुलं धड वाचत नव्हती, पण अक्षरं पक्की होत होती, असं मी पालकांना सांगायचो.

मी एकदा आठवडाभर कारखान्याच्या कामाने हैदराबादला गेलो आणि वर्ग रोनीने घेतला. परत आलो तर सातही मुलं एक अख्खं गीत बघून वाचत होती. त्याने त्याला चाल लावून दिली होती आणि ऑफिसातल्या प्रिंटरवर मोठ्या अक्षरांत छापून आणलं होतं.

घरी नओमीला म्हटलं, "चालीवर पाठ करणं म्हणजे वाचणं नव्हे."

ती म्हणाली, "हो पपा. म्हणून रोनीदादाने आम्हाला उलटीकडूनही वाचायला लावलं."

दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. अकरा वर्षांच्या मुलीशी! आज लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

*

किद्दूशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं शरबत एस्तेर करायची. आमच्याकडे वाइनऐवजी काळ्या मनुका भिजत घालून त्या कुसकरून, गाळून शरबत करतात. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षं मी तो पेला हातात घेतला, आशीर्वाद म्हटला, प्यायलो. ती कधी काही बोलली नाही, मीही कधी काही बोललो नाही.

एका शुक्रवारी काकांनी पेला रोनीच्या हातात दिला. तो प्यायला आणि एस्तेर पुढे होऊन म्हणाली, "पाणी जास्त झालंय का रे?"

"नाही आंटी, परफेक्ट. माझ्या आजीसारखं झालंय."

घरी जाताना मी म्हटलं, "मला नाही कधी विचारलंस पाणी जास्त झालं का."

"तुम्ही सांगितलं असतंत?"

"सांगितलं असतं की."

"मग सांगा."

मी पुष्कळ आठवून बघितलं. मला चवच आठवेना.

*

जेकबने जे. पी. नगरला फ्लॅट घेतला तेव्हा मलिदा होता. काही चांगलं झालं की आम्ही एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतो. गोड पोहे, खोबरं, फळं, भोवती बसून गीतं. गीतं म्हणजे पुन्हा रोनी, हे उघडच होतं. मी यावर एक उपाय काढला. वेळ चारची होती आणि सगळ्यांना कळवायचं काम माझ्याकडे होतं. मी रोनीला पाच सांगितलं. म्हटलं, तो येईपर्यंत आपलं आटोपलेलं असेल.

चारला पोचलो तर फ्लॅटमध्ये जेकबची बायको आणि रोनी. रोनी जमिनीवर बसून नारळ खवत होता, सकाळपासून. बाकी कुणीच नाही.

"या अंकल. तुम्ही मला पाच सांगितलंत, आणि जेकब अंकल चार म्हणत होते. म्हटलं, तुम्ही सांगताय म्हणजे बदललं असणार. मग मीच सगळ्यांना फोन करून पाच सांगितलं. तुमचा त्रास वाचवला."

जेकबच्या बायकोने माझ्यापुढे दुसरी विळी ठेवली. पाच वाजेपर्यंत मी चार नारळ खवले. त्यातल्या एकात माझ्या बोटाचं सालही गेलं असावं, पण तेवढं मी कुणाला सांगितलं नाही.

*

मग मी त्याला नोकरीवरून कोंडीत पकडायचं ठरवलं. म्हटलं, "रोनी, तुझ्या त्या कॉम्प्युटर कंपनीत शनिवारी काम असेलच ना? आमच्यामुळे नोकरी घालवू नकोस बाबा."

"नाही अंकल, इंटरव्ह्यूलाच सांगितलं होतं. शनिवार सोडून काहीही मागा. रविवारी जातो मी."

"आणि त्यांनी ऐकलं?"

"मॅनेजर म्हणाला, स्वल्प अ‍ॅडजस्ट करू. विचारलं की ऐकतात हो लोक."

कारखान्यात महिन्यातला एक शनिवार मला ड्यूटी असायची. त्या शनिवारी मिन्यान नाही असंच सगळे धरून चालत. वीस वर्षं नोकरी झाली होती आणि मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. त्या दिवशी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा त्याच्या गाण्यानेही आला नव्हता.

*

आता शेवटचा.

सप्टेंबर जवळ आला. आमचं नवीन वर्ष आणि त्यानंतर योम किप्पूर, उपासाचा सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी पुढे उभं राहणं म्हणजे वर्षभराचा मान. एका शनिवारी प्रार्थना संपल्यावर काका म्हणाले, "बेनी, यंदा योम किप्पूरला रोनी म्हणेल. तूही थकतोस." मी म्हटलं, "हो हो, उत्तम." आणि घरी येऊन जेवलो नाही.

पुढच्या शनिवारी मी उठलोच नाही. एस्तेरला सांगितलं, मला ताप आहे. तिने कपाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मी मनात हिशेब केला होता. जेकबचा भाऊ गावाला गेलेला, दोघं आजारी. मी नसलो की उरतात नऊ. बघू दे की, नुसत्या सुरांनी मिन्यान होतं का ते.

दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात नऊच्या नऊ. काकांना शब्बाथला फोन चालत नाही, त्यामुळे चौकशीला सगळेच चालत आले होते, काकाही, दुखरे गुडघे घेऊन. मी रजई गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"किती ताप आहे?" काकांनी विचारलं.

एस्तेर शब्बाथच्या दिवशी खोटं बोलत नाही. म्हणाली, "ते म्हणतात, बराच आहे."

काकांनी खोलीत नजर फिरवली. म्हणाले, "दहावा पलंगावर आहे. इथेच प्रार्थना करू." कपाट, शिलाई मशीन आणि पलंग यांच्यामध्ये नऊ पुरुष कसेबसे उभे राहिले. नओमीने पुस्तकं धरली. पूर्ण प्रार्थना झाली आणि मी आडवा पडून प्रत्येक ठिकाणी बारीक आवाजात आमेन म्हणत राहिलो. एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती, पण आता उठायचं कसं?

मग आजाऱ्यासाठीची प्रार्थना आली. त्यात आजाऱ्याचं नाव त्याच्या आईच्या नावाने घेतात. रोनी पलंगाशी वाकला. "अंकल, आईचं नाव?"

"राहेल," मी म्हटलं. आई जाऊन सोळा वर्षं झाली होती.

"बिन्यामीन बेन राहेल," म्हणजे राहेलचा मुलगा बिन्यामीन, असं रोनी म्हणाला, आणि त्याने सुरुवात केली. पण त्याच्या ठाण्याच्या चालीत नाही. माझ्या चालीत. तीच, माझ्या वडिलांची, ओबडधोबड. मी जिथे श्वास घेतो तिथे त्यानेही घेतला. इतके महिने तो माझं म्हणणं इतकं कान देऊन ऐकत होता, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि माझी चाल त्याच्या आवाजात इतकी सुंदर लागत होती की मला ऐकवेना.

शेवटाकडे एक ओळ मी लांबवतो. तिथे तो अडला. पुढे कसं वळायचं ते त्याला आठवेना. त्याने माझ्याकडे बघितलं. सगळे थांबले.

मला राहवलं नाही. रजई बाजूला केली, पलंगावरून खाली उतरलो, ताठ उभा राहिलो आणि ती ओळ खणखणीत आवाजात पुरी केली.

जेकबचं तोंड उघडंच राहिलं. काकांनी आधी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग रोनीकडे बघितलं, बराच वेळ. मग ते पुढे झाले आणि त्यांनी रोनीचा हात धरला.

"रोनी," ते हळूच म्हणाले, "तेवढं माझ्या गुडघ्यांसाठी पण म्हण. आईचं नाव सिम्हा."